रेवंदचिनी, खुबानी आणि साय

वैद्याच्या बटव्यातून निघून थेट पक्वान्नांच्या पंगतीत जाऊन बसलेल्या वस्तू मोजक्याच. सुंठ, केशर, जायफळ ही दोन्हीकडे मानाने नांदली; रेवंदचिनीची गोष्ट मात्र निराळी आहे. आपल्याकडे रेवंदचिनी, किंवा जुन्या मराठीतील रेवाचिनी, म्हणजे कोठा साफ करणारे एक पिवळट, तुरट-कडवट मूळ. काष्ठौषधींच्या दुकानात ते तुकड्यांनी मिळते, त्याचे चूर्ण अल्प मात्रेत देतात, आणि ज्याने ते लहानपणी घेतले असेल त्यास त्याचे नावही गोड लागण्याचा संभव नाही. त्याच जातीच्या वनस्पतीचे देठ इंग्लंडात साखरेत शिजवतात, निवल्यावर सायीत कालवतात आणि पाहुण्यापुढे मिष्टान्न म्हणून ठेवतात, हे प्रथम ऐकणाऱ्यास थट्टाच वाटते.

हैदराबादेत ही वनस्पती होत नाही. तिला हिवाळ्यात कडक थंडी लागते आणि दक्खनच्या पठारावरील उन्हाळा तिला सोसत नाही. तरीही आंबटगोड फळ आणि दाट साय यांचा मिलाफ त्या शहरात झाला, आणि इतका पक्का झाला की खुबानीच्या गोडावाचून तेथील लग्नाची मेजवानी पुरी होत नाही. रेवंदचिनी आणि खुबानी या दोन्ही वस्तू एकाच व्यापारी वाटेने आपल्याकडे आल्या. त्यांतील एक औषधाच्या कपाटात अडकली, दुसरी स्वयंपाकघरात शिरली. सोवळेओवळे पाळणाऱ्या मराठी घरानेही ती आत घेतली, ती कोणत्या वाटेने, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम नाव पाहू. फारसीत या वनस्पतीस रीवास आणि तिच्या औषधी मुळास रेवंद म्हणतात. चीनकडून येणारे ते रेवंद-ए-चीनी. आपल्या बाजारात त्याचे रेवंदचिनी झाले. इराणात रीवासाचे कोवळे देठ मांसाच्या कालवणात आंबटपणासाठी घालण्याची चाल आहे. तेथील प्राचीन धर्मकथेत तर पहिला पुरुष मश्य आणि पहिली स्त्री मश्यान ही उभयता रीवासाच्या रोपाच्या रूपाने जमिनीतून वर आली असे सांगितले आहे. ज्या रोपातून मनुष्यजात जन्मली तेच पुढे रेचक म्हणून तोळ्यामाशाने विकले जावे, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

गोमंतकीय वाचकांस या मुळाचा एक जुना उल्लेख विशेष जवळचा वाटेल. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि तेथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे वैद्य म्हणून जाणे-येणे होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधिविषयक संवादग्रंथात हिंग, वेलची, नारळ, आंबा यांच्या जोडीस रेवंदचिनीवरही एक संवाद आहे, आणि ती मूळची चीनची असून खुष्कीच्या मार्गाने होर्मुझला व तेथून इकडे येते, असे तो सांगतो. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक होय. ग्रंथकाराचे नशीब मात्र कडू निघाले. १५६८ साली तो वारला; तो ज्यू वंशाचा, म्हणून १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या दशकात आपली दैवते सासष्टी-तिसवाडीतून निघून अंत्रुज महालात आश्रयास आली, त्याच दशकातील हा ग्रंथ. एका बाजूने पालख्या रातोरात नदी ओलांडत होत्या, आणि त्याच गोव्यात बसून एक मनुष्य हिंगाचा आणि रेवंदचिनीचा वास घेऊन त्यांची टिपणे करीत होता. इतिहासाला अशी विसंगती वर्ज्य नाही.

युरोपात या मुळाचे महत्त्व एवढे की, १८३९ साली अफूच्या व्यापारावरून चीनचा आयुक्त लिन त्सशू याने व्हिक्टोरिया राणीस उद्देशून जे पत्र लिहिले त्यात चहा व रेवंदचिनी या दोन वस्तूंवाचून परदेशीयांचे चालणार नाही असा मुद्दा त्याने मांडला होता. पण तोवर इंग्रजांनी रोप आपल्या बागांत लावले होते, आणि मुळापेक्षा देठाकडे त्यांचे लक्ष गेले होते. लंडनच्या चेल्सी येथील औषधी बागेत १८१७ च्या सुमारास काही रोपांवर चुकून मातीचा ढिगारा पडला. तो काढला तेव्हा अंधारात वाढलेले देठ गुलाबी, कोवळे आणि कमी आंबट निघाले. पुढे यॉर्कशायर परगण्यात अंधाऱ्या, ऊबदार पडव्या बांधून हिवाळ्यातच असे देठ काढण्याचा धंदा उभा राहिला. तेथे मेणबत्तीच्या उजेडात कापणी करण्याची रीत अजून आहे.

देठाला पक्वान्नाचा दर्जा मिळाला तो मात्र साखरेमुळे. नुसता देठ तोंडात घातला तर दात आंबतात. वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या घामातून निघालेली साखर जसजशी स्वस्त झाली, तसतसे हे आंबट देठ सामान्य इंग्रज घराच्या ताटात आले. त्यांतील एका प्रकारास ते लोक 'फूल' म्हणतात: शिजवलेले फळ आणि घुसळलेली साय यांचे हलके मिश्रण. आपल्याकडे फुलाला जो शब्द तोच तिकडे मूर्खाला आहे. पदार्थ मात्र दोन्ही अर्थांच्या पलीकडचा, चवीस फारच चांगला लागतो.

आता दक्खनकडे वळू. रेवंदचिनी आपल्याकडे उगवत नसली तरी तिचे सख्खे भाऊबंद आपल्या परसात आहेत. चुका ही पालेभाजी त्याच कुळातील. अळूच्या फदफद्यात आपण जो चुका घालतो, तेलंगणात जो डाळीत शिजवतात, त्याचा आंबटपणा आणि रूबार्बच्या देठाचा आंबटपणा यांचे नाते जिभेलाही ओळखू येते. हैदराबादचे पाणीच आंबटाचे म्हणावे लागेल. अंबाडी, चिंच, कैरी, चुका यांवाचून तेथील एकही पंक्ती उठत नाही. खट्टी दाल हे तेथील रोजचे अन्न. अशा शहराने गोड पदार्थातही आंबटाची बाजू सोडली नाही यात नवल नाही. फक्त ते आंबट त्याने जवळच्या रानातून न घेता काबूलकडून मागविले.

जर्दाळू या शब्दात 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे अलुबुखाऱ्याच्या जातीचे फळ. बुखाऱ्याचे ते आलुबुखारा, पिवळे ते जर्दाळू. बटाट्याशी किंवा आपल्या अळूशी त्याचा संबंध नाही. खुबानी हा शब्दही फारसी, 'खूब' म्हणजे उत्तम यावरून आलेला. पाश्चात्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडास आर्मेनियाचे नाव दिले, परंतु त्याचे मूळ घर चीन व मध्य आशियाच्या डोंगरांत आहे. बाबराने आपल्या आत्मवृत्तात फर्गाना प्रांतातील मर्गिनान गावच्या जर्दाळूंचे कौतुक केले आहे. आठी काढून त्या जागी बदामगर घालून तेथील लोक ते वाळवीत, आणि त्यास सुभानी म्हणत. हिंदुस्थानात आल्यावर चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, म्हणून कष्टी झालेल्या या बादशहाला त्या सुक्या फळांची आठवण किती छळत असेल, याची कल्पना करावी.

आपल्या आयुर्वेदालाही हे फळ अगदीच परके नव्हते. चरकसंहितेत बदाम, अक्रोड इत्यादींच्या बरोबर 'उरुमाण' नावाचे एक फळ येते. ते जर्दाळूच असे मानले जाते. ही सारी फळे गुरु, स्निग्ध, उष्ण व बलकारक म्हणून सांगितली आहेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

१५९१ साली मुहंमद कुली कुतुबशहाने मुसी नदीकाठी हैदराबाद वसविले. कुतुबशाही घराणे, त्यांचे मंत्री, कवी, वैद्य यांचा इराणशी निकटचा संबंध. शहराच्या रचनेत ज्याचा हात होता तो मीर मोमीन हा अस्तराबादचाच. मछलीपट्टणच्या बंदरातून इराणी आखाताकडे गलबते जात-येत. पुढे आसफजाही अमलात दिल्लीकडील मोगली रीतीभाती या शहरात आल्या. काबूल-पेशावरकडून निघणारा सुका मेवा उंटांवरून, मग बैलगाड्यांवरून आणि अखेर आगगाडीने दक्खनेत उतरू लागला. बेगम बाजारात त्याची पेठ आहे, आणि आजही तेथे पोत्यांतून बदाम, अंजीर, मनुका यांच्या शेजारी ती तपकिरी, सुरकुतलेली, गारगोटीएवढी खुबानी दिसते. १९३५ साली मुअज्जमजाही मार्केटची दगडी इमारत उभी राहिली आणि फळांचा मोठा बाजार तेथे भरू लागला. फळांचा घाऊक व्यापार तेथून केव्हाच हलला. आइस्क्रीमची दुकाने मात्र राहिली.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या मते या सर्व विषयाचे मर्म आहे. परक्याच्या हातचे पाणी न पिणारे, मुदपाकखान्याच्या सावलीसही न जाणारे मराठी ब्राह्मण घर पठाणाच्या पोतडीतील फळ आत कसे घेते? उत्तर आपल्या आचारधर्मातच आहे. विटाळ लागतो तो पाण्याला आणि पाण्यात शिजलेल्या अन्नाला. कोरडे धान्य, कोरडे फळ, साल असलेले फळ यांस तो लागत नाही, असा रूढ संकेत. सुके फळ घरी आणावे, आपल्या पाण्याने धुवावे, आपल्या चुलीवर शिजवावे, की ते आपले झाले. या एका फटीतून आपल्या देवघरात केवढा परदेश शिरला आहे! गणपतीस दाखविण्याच्या पंचखाद्याचीच यादी घ्या: खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. खारीक अरबस्तान-इराणची, खिसमिस अफगाणिस्तानची, खसखसही बाहेरून आलेली. पाचांपैकी तिघे परदेशी, आणि तरी त्यांच्या नैवेद्याविषयी कोणा पुरोहिताने कधी शंका काढली नाही. खुबानीही 'ख'वरूनच सुरू होते. पंचखाद्याचे षट्खाद्य करण्याची सूचना आम्ही करीत नाही, परंतु वंशशुद्धीच्या कारणाने तिला कोणी अडवू नये एवढे खरे.

दुसरी अडचण अधिक गंभीर, कारण ती शास्त्राची आहे. आंबट फळ आणि दूध यांचा संयोग विरुद्ध आहार होय. चरकाने अशा फळांची लांबलचक यादी दिली आहे: आंबा, अंबाडा, महाळुंग, करवंद, बोर, जांभूळ, कवठ, चिंच, डाळिंब, आवळा इत्यादी, आणि जे जे आंबट, ते द्रव असो वा घन, ते ते दुधाबरोबर विरुद्ध असा सर्वसामान्य नियमच घालून दिला आहे. आपल्या आजीबाई ताक प्यायल्यावर दूध देत नसत, ते यामुळे. पंचामृतातही मध आणि तूप समभाग घालावयाचे नाहीत हा नियम तेथलाच; देवघरात रोज चमच्याने पंचामृत मोजणाऱ्यास तो पाठ असतो. तेव्हा आंबट देठांत किंवा फळांत साय कालविणे हे शास्त्राला सोडून नाही काय?

या नियमाकडे नुसते भाबडेपणाने पाहू नये, तसे हसण्यावारीही नेऊ नये. दूध आंबटाने फाटते हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव. दुधातील केसीन नावाचे प्रथिन ठराविक आंबटपणाला पोहोचताच एकमेकांना चिकटून गोळा होते; दूध तापलेले असेल तर ही क्रिया फार लवकर होते. सायीत मात्र स्निग्धांश पुष्कळ आणि केसीन थोडे. ती दाट असते, आणि थंड असेल तर सौम्य आंबटात सहसा फाटत नाही. साखरेत शिजल्याने फळाचा आंबटपणा जिभेला कमी लागतो, पण तो नाहीसा होत नाही. म्हणूनच इंग्रज गृहिणी रूबार्ब पूर्ण निवल्यावाचून त्यात साय घालीत नाही. हैदराबादची रीत याहूनही सावध. तेथे खुबानी आणि साय चुलीवर कधीच एकत्र येत नाहीत. फळ निराळे शिजते, निराळे निवते. साय वाढते वेळी वरून ठेवली जाते, आणि दोहोंची गाठ पडते ती खाणाराच्या चमच्यात. शास्त्राशी केलेली ही तडजोड कोणी जाणूनबुजून केली की पाककौशल्याने आपोआप घडली, हा वाद निरर्थक आहे. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

शिवाय चरकाने उरुमाणाची गणना बदाम-अक्रोडांच्या स्निग्ध वर्गात केली आहे, हे वर सांगितलेच. त्यामुळे आंबट फळांचा दंडक जर्दाळूस किती लागू करावा याबद्दल वैद्यांत मतभेद होऊ शकेल. रूबार्बला मात्र ही सवलत नाही. तो सर्वांगाने आंबट.

आणि दक्खनच्या इतिहासाकडे पाहिले तर आंबट आणि दूध यांचे वैर येथे पूर्वीच सैल झाले होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सन ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोग प्रकरणात तापलेल्या दुधात आंबट घालून ते मुद्दाम फोडावे, फडक्यातून गाळून घ्यावे, आणि त्या चोथ्याचे साखर घातलेले पदार्थ करावेत अशी कृती आहे. दह्यापासून केलेली शिखरिणी, म्हणजे आपल्या श्रीखंडाची पूर्वजा, हीदेखील तेथे आहे. हे कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते निजामाच्या राज्याचा व नंतर हैदराबाद राज्याचा भाग होते. खुबानी येण्याच्या किती तरी आधी या भूमीतील राजा आंबटाने दूध फोडून पक्वान्न करीत होता, ही गोष्ट हैदराबादच्या दस्तरखानाचे सारे श्रेय एकट्या मोगलांना देणाऱ्यांनी विसरू नये.

कोकण-गोव्याने हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला. तेथे सायीचे काम नारळाचा रस करतो. कोकमाचे आगळ आणि नारळाचे दूध यांची सोलकढी म्हणजे आंबट व स्निग्ध यांचा संयोगच, आणि त्यात फाटण्याचे भय नाही. केळ्यांचे रसायन, मणगणे, शिरवळ्यांबरोबरचा गोड रस या सर्वांत गाईम्हशीचे दूध नाही. देवळातील समाराधनेच्या पंक्तीला शेकडो पाने वाढावयाची तेव्हा फाटू न शकणारा रस किती सोयीचा, हे आचाऱ्यांना विचारावे. जर्दाळू शिजवून त्यावर दाट नारळाचा पहिला रस घातला तर कसे लागेल? आमच्या मते उत्तम लागते, फक्त साखरेऐवजी गूळ घालावयाचा मोह आवरावा. गुळाने खुबानीचा स्वतःचा वास मरतो.

आता हैदराबादच्या मराठी घराविषयी. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते, आणि राजधानीत मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या होती. राय रायां घराण्याकडे दफ्तर-ए-दिवाणीचे काम वंशपरंपरेने होते. पुढे वकील, शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांची भर पडली. १९०७ साली विवेक वर्धिनी शाळा निघाली. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या धुरीणांनी शिक्षणाचा आणि मराठीचा संसार तेथे मोठ्या कष्टाने चालविला. १९३० साली मडगावास भरलेले मराठी साहित्य संमेलन पुढच्याच वर्षी, १९३१ साली, हैदराबादेत भरले, आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष झाले. गोवा आणि हैदराबाद, एक पोर्तुगीजांच्या अमलाखाली व दुसरे निजामाच्या. त्या दोन ठिकाणी लागोपाठ संमेलने झाली, ही गोष्ट आपल्या वाचकांस अभिमानाची वाटावी.

हे लोक घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि बाजारात तेलुगू बोलत. त्यांच्या ताटातही तेच झाले. वरणभात, पुरणपोळी जागच्या जागी राहिली. बाजूला अंबाडीची भाजी, मिरचीचे सालन, आणि सणावारी खुबानी आली. मुसलमान स्नेह्याच्या घरच्या लग्नात सोवळे पाळणारा मनुष्य पंक्तीस बसत नसे, पण फळे, सुका मेवा, पानसुपारी घेऊन येई. पुढच्या पिढीने पंक्तीत बसून ते गोड चाखले आणि घरी येऊन आईला करावयास सांगितले. त्याच्या आईने कांदालसणाच्या भांड्यांना स्पर्श न करता, कल्हईच्या पातेल्यात, स्वतःच्या हाताने ते केले. आणि खुबानीच्या गोडात मांस नाही, अंडे नाही, धान्यही नाही. उपवासाच्या दिवशीसुद्धा त्यास हरकत नाही असे म्हणणाऱ्या बायका आहेत, आणि आमचे मत त्यांच्याच बाजूचे आहे.

१९४७-४८ चे रझाकारांचे दिवस, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या खेड्यापाड्यांतील कत्तली, यांनी या शहरातील कित्येक घरांचा परस्परांवरील विश्वास उडाला. जखमा दोन्हीकडे होत्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि काचीगुडा, सुलतान बाजार भागातील मराठी कुटुंबे परप्रांतात न जाताच परप्रांतीय झाली. पुष्कळ जण पुण्या-औरंगाबादकडे गेले. जे गेले त्यांनी उर्दू विसरली, कागदपत्रे हरवली, पण खुबानी नेली. स्वयंपाकघर हे अशा वेळी दफ्तरखान्यापेक्षा भरवशाचे ठरते. एका गोष्टीचे मात्र वाईट वाटते: त्या घरांतील मुलांना ही खुबानी आपल्याकडे कोणाकडून आली ते आता सांगितले जात नाही, 'आमच्याकडचा जर्दाळूचा पदार्थ' एवढेच ते जाणतात. पाहुणा घरचा झाला हे चांगले; तो पाहुणा होता हे विसरणे चांगले नव्हे.

कृती अशी. पावशेर, म्हणजे आजच्या मापाने सुमारे २५० ग्रॅम, आठीसकट वाळवलेली तपकिरी खुबानी घ्यावी. गंधकाच्या धुरीने पिवळीधमक राखलेली बिनआठीची फळे दिसावयास देखणी, पण त्यांना हवा तो खोल स्वाद येत नाही. फळे दोनतीनदा धुवून, बुडतील एवढ्याच पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी आठ्या काढाव्या. भिजवलेले पाणी टाकू नये, अर्धा स्वाद त्यातच उतरलेला असतो. त्याच पाण्यात मंदाग्नीवर फळे शिजू द्यावी, मऊ झाल्यावर १०० ते १२५ ग्रॅम साखर घालावी. साखर आधी घातल्यास फळ निबर राहते. सुमारे अर्ध्या घटकेहून थोडा अधिक वेळ, म्हणजे पंधरावीस मिनिटे, हलक्या हाताने ढवळीत राहिल्यास मिश्रण चकाकू लागते. काही फळे मोडलेली, काही अखंड, असे असावे. सगळ्याचा लगदा करणे हे आळशीपणाचे लक्षण. आठ्या फोडून आतील गर वर पेरतात. मात्र तो आधी चाखून पाहावा. कडू गरात विषारी अंश असतो, तो टाकूनच द्यावा.

सायीसाठी म्हशीचे निर्भेळ दूध पसरट पातेल्यात मंद तापवून, न हलविता, सात-आठ तास थंड जागी ठेवावे. वर धरलेला थर अखंड उचलून, निवलेल्या खुबानीवर घडीसारखा ठेवावा. यालाच तेथे मलाई किंवा बालाई म्हणतात. बालाई म्हणजे वरची. हल्ली सायीऐवजी आइस्क्रीम किंवा कस्टर्ड घालतात. कस्टर्डची भुकटी आल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्याने १८३७ साली काढली, ती बायकोस अंडे सोसत नसे म्हणून. त्यामुळे ती शाकाहारी घरांत निर्धास्तपणे शिरली. तरीपण ज्याने खरी साय खाल्ली आहे त्याला ही सोय कामचलाऊच वाटेल.

आणि ज्या वाचकांची मुलेबाळे विलायतेत किंवा अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी रूबार्बचीही कृती देऊन ठेवतो, कारण तिकडे वसंत ऋतूत हे देठ भाजीच्या दुकानात जुड्यांनी येतात आणि खुबानी शोधावी लागते. पाने मुळीच घेऊ नयेत. ती विषारी आहेत. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे इंग्लंडात ती भाजी म्हणून खाण्याचा सल्ला दिला गेला आणि काही माणसे दगावली. अर्धा किलो देठांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावे, त्यांवर १५० ग्रॅम साखर पसरून तासभर ठेवावे; त्यांना स्वतःचेच पाणी सुटते, वेगळे घालावे लागत नाही. आल्याचा लहान तुकडा किसून घालावा. भांडे तांब्यापितळेचे बिनकल्हईचे किंवा अॅल्युमिनियमचे नसावे, आंबटाने ते खाल्ले जाते. मंदाग्नीवर दहा मिनिटांत देठ मऊ होतात. ते पूर्ण गार करावे, सुटलेला रस थोडा बाजूस काढावा, आणि पाव लिटर थंडगार दाट साय रवीने घट्ट होईपर्यंत घुसळून त्यात दोनतीनदा खालीवर करावी. पूर्ण एकजीव करू नये. गुलाबी आणि पांढरे पट्टे दिसले पाहिजेत. वेलची घालू नये, केशराच्या चार काड्या चालतील. रस बाजूस काढला आहे तो थंड पाण्यात घालून सरबतासारखा प्यावा.